वांगं सोडलं, मासे सोडले, गोळीही सोडली

प्रश्न : मॅडम, माझं वय ४३. माहेर वेंगुर्ल्याचं, सासर कराडजवळ. नऊ वर्षं सोरायसिस आहे. कोपर, गुडघे, डोक्यात आणि परकराची नाडी बसते तिथे कमरेभोवती. त्वचारोगतज्ज्ञांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू होती, बरं होतं. पण ‘गोळी गरम पडते, मूळ पोटात आहे, पथ्य केलं तर मुळापासून जाईल’ असं जो तो सांगायला लागला, म्हणून चार महिन्यांपूर्वी बंद केली. मध्ये एकाकडून पुड्या आणल्या. पंधरा दिवसांत अंग लख्ख झालं, पुड्या संपल्या आणि दुपटीने उठलं. सध्या वांगं, टोमॅटो, बटाटा, दही, ताक, चिंच, अंडी, मासे, गहू, तूरडाळ आणि साखर बंद आहे. तरी कमी नाही. वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच. सकाळी बोटं आखडतात, ते वयाचं असेल. सासूबाई म्हणतात, लहानपणी दूध आणि मासे एकत्र खाल्ले त्याचं हे फळ. माझं ताट-वाटी त्यांनी वेगळी ठेवली आहे. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. तोवर काय खाऊ, काय सोडू? सोबत एका दिवसाचं खाणं लिहून पाठवते. नाव छापू नका.

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलीत. सकाळी बोटं आखडतात, ती. वांग्या-टोमॅटोचं नंतर बघू, आधी या बोटांचं.

सोरायसिस दिसतो कातडीवर, पण मुळात तो रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार आहे. ही यंत्रणा कारण नसताना चवताळलेली असते. एरवी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला महिनाभर लागतो, इथे ते काम चार-पाच दिवसांत उरकतं आणि वर पांढरे, चंदेरी पापुद्रे साठत जातात. हीच सूज काही जणांच्या सांध्यांतही शिरते. सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी हा सांध्यांचा त्रास होतो. म्हणून विचारते. उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ मूठ वळत नाही, असं होतं का? एखादं बोट पेरापेरांत न सुजता अख्खंच जाड होतं का? सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते का? नखांवर टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना. कराडला सोय झाली नाही तर कोल्हापूर किंवा पुणं गाठा. एकदा झिजलेला सांधा पथ्याने परत येत नाही, औषधानेही येत नाही. आणि ४३ हे काही बोटं आखडायचं वय नव्हे.

आता गोळी. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण आठवड्यातून एकदा घ्यायची म्हणजे ती बहुधा मेथोट्रेक्सेट असणार. गरम-थंडचा तिच्याशी संबंध नाही, मात्र ती जपून घ्यायची गोळी आहे हे खरं. रक्त आणि लिव्हर ठरावीक काळाने तपासावं लागतं, जोडीला फॉलिक ॲसिड लागतं, दारू चालत नाही, गरोदरपणात तर ती अजिबात चालत नाही. ती बंद करायची की बदलायची हे डॉक्टर तपासण्या बघून ठरवतात. शेजारणींनी मिळून ते ठरवायचं नसतं. एक विनंती. कपाटात जुनी पाकिटं उरली असतील तर हे वाचून लगेच आपल्या मनाने सुरू करू नका. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेल्याने माणसं दगावली आहेत. डॉक्टरांनी पुन्हा दिली तर वार ठरवून घ्या आणि तो पाकिटावर पेनाने लिहून ठेवा.

पुड्यांचं वर्णन वाचून कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात एकच शब्द येईल, स्टिरॉइड. मी पुडी तपासलेली नाही, त्यामुळे ही शंकाच आहे. पण पंधरा दिवसांत लख्ख आणि संपल्यावर दुप्पट, ही चाल त्याचीच असते. पोटात जाणारं स्टिरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस उसळतो. कधी पू भरलेल्या फोडांच्या रूपात येतो, कधी सगळं अंग लालबुंद होऊन ताप-थंडी भरते. तसं काही झालं तर तो दवाखान्यात दाखल व्हायचा प्रसंग आहे. पुन्हा पुड्या आणू नका. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या पुड्या महिनोन्‌महिने चालू असतील तर त्यांनी त्या तडकाफडकी न थांबवता आधी डॉक्टरांकडे जावं. डॉक्टर रागावतील म्हणून ही गोष्ट लपवणारे पुष्कळ आहेत. रागावले तर रागावू द्यात, पण सांगा.

मग येतं पथ्य. तुमच्या यादीत अकरा पदार्थ आहेत. त्यांपैकी एक साखर तेवढी सोडण्यासारखी होती, आणि तिच्या जागी तुम्ही गूळ आणलात. उरलेल्या दहांचा सोरायसिसशी पक्का संबंध दाखवता आलेला नाही. गव्हाचं थोडं वेगळं आहे, त्याकडे येते.

‘पण वांगं सोडल्यावर मला फरक पडला’ असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. अमेरिकेत २०१७ मध्ये १,२०० हून जास्त रुग्णांना विचारलं होतं, काय सोडल्यावर बरं वाटलं? दारू कमी केलेल्यांपैकी निम्म्यांहून थोड्या जास्त जणांनी फरक पडल्याचं सांगितलं. गहू-ग्लुटेन कमी केलेल्यांपैकीही साधारण तेवढ्यांनीच. वांगं, टोमॅटो, बटाटा हा गोतावळा कमी केलेल्यांपैकीही तेवढ्यांनीच. काहीही सोडा, निम्म्यांना बरं वाटतं, यातच काय ते आलं. हा आजार मुळात चढ-उतारांचा आहे. माणूस पथ्य धरतो तो सगळ्यात वाईट काळात, आणि त्यानंतर उतार बहुधा येणारच असतो. शिवाय पथ्य धरलं की बाहेरचं खाणं सुटतं, वजन दोन किलो उतरतं, आणि श्रेय वांग्याच्या गैरहजेरीला मिळतं.

अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने तोवरचे अभ्यास चाळून २०१८ मध्ये आहाराच्या शिफारशी छापल्या. त्यात ठामपणे सांगितलेली गोष्ट एकच आहे. वजन जास्त असेल तर उष्मांक कमी करून ते उतरवा. बाकी सगळं ‘कदाचित’, ‘काहींना’ या सदरातलं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३२ च्या वर जातो. आपल्याकडे २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात, आणि बायकांचा कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. टेप लावून बघा. पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. सूज धगधगती ठेवणारी रसायनं ती सतत सोडत असते. त्यातलं एक, टीएनएफ-अल्फा, दाबण्यासाठीच सोरायसिसची काही महागडी इंजेक्शनं बनवलेली आहेत. म्हणजे एका बाजूने औषधाने विझवायचं आणि दुसऱ्या बाजूने पोटाने फुंकर घालायची असं चालू राहतं. इटलीत वजन जास्त असलेल्या ३०३ रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधं सगळ्यांची चालू होती. निम्म्यांना २० आठवडे आखून दिलेला आहार आणि व्यायाम होता, उरलेल्यांना वजन कमी करण्याबद्दल नुसती माहिती. पहिल्या गटात आजाराची तीव्रता ४८ टक्क्यांनी उतरली, दुसऱ्यात साधारण २५ टक्क्यांनी. लक्षात घ्या, औषध दोघांनाही होतं. डेन्मार्कच्या एका अभ्यासात ८०० ते १,००० कॅलरींवर माणसं ठेवली होती, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तसलं काही घरी करायला जाऊ नका, लग्नाच्या धावपळीत तर नाहीच.

तुम्ही लिहून पाठवलेला दिवस मी दोनदा वाचला. गुळाचा चहा चार कप. सकाळी पोह्यांचा चिवडा नाहीतर राजगिऱ्याचे दोन लाडू, कारण पोळी बंद. दुपारी दोन भाकऱ्या, मुगाची उसळ आणि वर तूप घालून भात. पाच वाजता पोटात कालवाकालव होते म्हणून शेंगदाणे-गूळ. रात्री पुन्हा भात आणि मुगाचं वरण. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि चतुर्थीला खिचडी किंवा साबुदाणा वडे. (वड्यातला बटाटा तुमच्या यादीतल्या बटाट्यात धरलेला दिसत नाही. उपासाला सगळं माफ!)

यात उपाशी राहणं भरपूर आहे आणि उष्मांकही भरपूर आहेत. गूळ उष्मांकाच्या हिशेबात साखरेचा सख्खा भाऊ. चार कपांत दोन-दोन चमचे धरले तर चहातूनच दीडशेच्या वर कॅलरी गेल्या. मूठभर शेंगदाण्यांच्या तेवढ्याच. तूरडाळ, अंडी, दही, मासे असं पोट भरलेलं ठेवणारं जे जे होतं ते तुम्ही सोडलंत, म्हणून पाच वाजता ती कालवाकालव होते. चहा दोन कपांवर आणा आणि गूळ आठवड्या-आठवड्याने कमी करत न्या, जीभ बदलते. नाश्त्याला दोन उकडलेली अंडी, नाहीतर मूगडाळीचं धिरडं. दुपारी भाकरी किंवा भात यातलं एक, आणि तूरडाळीचं साधं वरण परत ताटात येऊ द्या, तिने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. भाजी आजच्या दुप्पट घ्या, सोबत काकडी, गाजर, मुळ्याची कोशिंबीर. दही-ताक चालेल. वांगंही चालेल. भरल्या वांग्याच्या कढईत वर तरंगणारं तेल मात्र चालणार नाही.

तेलाचा हिशोब पळीने मांडत बसू नका, डब्याने मांडा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज आठ छोटे चमचे होतात. तो डबा तीन लिटरवर आणलात तर पाच होतात. एवढ्याने प्रत्येकाच्या पोटातल्या रोजच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी कमी झाल्या, कुणाला वेगळं शिजवून न घालता. सोरायसिसवाल्यांना मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मीठ तुम्ही नावालाच घेता, त्वचेसाठी ते एवढं कमी करायची गरज नव्हती, पण पापड-लोणचं-फरसाण आवरतं ठेवणं चांगलंच.

श्रावण चालू आहे, उपास सोडा असं मी सांगणार नाही. साबुदाण्याऐवजी भगर आणि ताक, राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, दही-काकडी, एखादं फळ. दाण्याचा कूट पसाभर न घालता चमचाभर. रोज अर्धा-पाऊण तास चालणं. एवढं सांभाळलंत तर डिसेंबरपर्यंत चार-पाच किलो उतरायला हरकत नाही. त्वचेवर फरक दिसायला साधारण एवढं वजन पहिल्या टप्प्यात पुरतं.

मासे. मालवणी मुलुखातल्या बाईने मासे सोडायचे म्हणजे काय, ते तुमच्या यादीत ‘मासे’ या शब्दाला बाकी दहांइतकीच जागा मिळाली यावरून कुणाला कळणार नाही. विरुद्धाहाराची कल्पना आयुर्वेदात जुनी आहे आणि दूध-मासे हे तिचं ठरलेलं उदाहरण. ते एकत्र खाल्ल्याने सोरायसिस होतो असं आधुनिक अभ्यासांत दिसलेलं नाही. सासूबाईंचं मन राखायचं तर एका जेवणात दोन्ही घेऊ नका, त्यात नुकसान काही नाही. पण बांगडा, तारली हे तेलकट मासे हृदयाला चांगले आहेत, आठवड्यातून दोनदा बिनधास्त खा. तिखलं करा, तळलेली तुकडी क्वचित. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र विकत आणू नका, त्यांनी सोरायसिस हटतो असा भरवसा अभ्यासांतून मिळालेला नाही. आणि हे फळ वगैरे काही नाही. आनुवंशिक कल असतो, त्याला घशाचा संसर्ग, मानसिक ताण, काही औषधं, थंडी असं काहीतरी निमित्त मिळतं.

गव्हाचं असं. सोरायसिस असलेल्या थोड्या लोकांना सोबत सीलिॲक आजार असतो, म्हणजे ग्लुटेन त्यांच्या आतड्यांना सोसत नाही. त्यांना गहू सोडून फायदा होऊ शकतो. ते रक्ताच्या चाचणीवरून कळतं, पण गहू आधीच बंद असेल तर चाचणी फसवते. पोट फुगणं, वरचेवर जुलाब, न भरून येणारा ॲनिमिया असं काही तुम्हाला असेल तर डॉक्टरांना सांगा. चाचणीआधी किती दिवस गहू परत खायचा ते तेच सांगतील. तसं काही नसेल तर दोन फुलके जेवणात येऊ देत. आणि कधी एखाद्या पदार्थाचा खराच संशय आला तर तो एकटाच सहा आठवडे बंद ठेवा, कोपराचा फोटो त्याच खिडकीत, त्याच उजेडात काढत राहा, मग परत खाऊन बघा. अकरा पदार्थ एकदम सोडले की कोण दोषी आणि कोण निर्दोष हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पथ्याच्या मागोमाग काढा येतोच म्हणून लिहिते. ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही घेताना थांबा. तुमची प्रतिकारयंत्रणा आधीच नको इतकी जागी आहे. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दलही परदेशांत अशा नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाली तर लिव्हरवर तिचा भार असणारच. भाजीतली हळद खुशाल घाला. पुरुष वाचकांसाठी एवढंच, की या आजारात सोडण्यासारखी पहिली गोष्ट दारू आणि दुसरी सिगारेट. वांग्यावर चर्चा करायला बसतात ती मंडळी बहुधा ग्लास हातात घेऊनच बसलेली असतात. आणि सायक्लोस्पोरिन हे सोरायसिसचं औषध घेणाऱ्यांनी पपनस टाळावं, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

खाण्यापलीकडचं एक. या आजारात जिथे त्वचेवर घासणी, ओरखडा, दाब पडतो तिथे नवा चट्टा उठू शकतो. कमरेभोवतीचा तुमचा पट्टा नाडीच्या रेघेवर आला आहे तो बहुधा त्यामुळे. नाडीऐवजी रुंद, सपाट पट्टीचा परकर शिवून घ्या, घरी सैल गाऊन किंवा सलवार. आणि आंघोळीला कोपर-गुडघ्यांवर वजरी चालवत असाल तर ती आजच बाहेर. पापुद्रे खरवडून काढले की खालून रक्ताचे बारीक थेंब येतात आणि चट्टा आणखी जाड होतो. अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन नाहीतर खोबरेल चोळलं की ते मऊ पडतात.

ताट-वाटी वेगळी ठेवण्याचं कारण नाही. सोरायसिस स्पर्शाने, उष्ट्याने, कपड्यांनी कुणाला लागत नाही. हे सासूबाईंना तुम्ही सांगून पटणार नाही, पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. व्याह्यांना सांगायचं का, ही काळजी पत्रात दोन ओळींमधून दिसते. मुलीचं लग्न आहे, आईच्या कोपरांची तपासणी नाही. कुणी विचारलं तर ‘सोरायसिस आहे, लागट नाही’ एवढं पुरे.

आणि डिसेंबर म्हणता तसा लांब नाही. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात, त्याआधी तपासण्यांचा वेळ, शिवाय थंडी सुरू झाली की त्वचा कोरडी पडून आजार जोर धरतो. ‘गणपती होऊन जाऊ देत’ म्हणालात तर हातात फार काही उरणार नाही. मग कुणीतरी लग्नाच्या तोंडावर ‘एक इंजेक्शन घे, फोटोत काही दिसणार नाही’ असं सुचवेल, आणि ते इंजेक्शन स्टिरॉइडचं निघालं तर मांडव उतरल्यावर पुड्यांचीच गोष्ट पुन्हा घडेल. त्वचारोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या. जाताना जुने रक्ताचे रिपोर्ट, गोळीचं रिकामं पाकीट आणि उरला असेल तर पुडीचा कागद घेऊन जा.